ताटातली वेदी

पनवेलहून रोह्याकडे जाताना पेणच्या आधीचं स्टेशन हमरापूर. गणपतीचे दिवस लांब असले तरी इथल्या ओट्या-पडव्यांत मूर्ती वाळत असतात, आणि कारखान्यात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत शांतपणे चालतं ते डोळ्यांच्या आखणीचं काम. आखणी करणाऱ्याच्या हातात बारीक ब्रश असतो आणि दोन रेषांमधे तो श्वास धरतो. पूजेचं रूप घडवण्यात ज्या मुलखाचा हात इतका बसलेला आहे, त्याच मुलखात, इथून जवळ पेण शहरात, १८६३ साली बांधलेलं एक देऊळ आहे ज्यात मूर्ती नाही. बेथ हा-एलोहीम, म्हणजे देवाचं घर. बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं सिनेगॉग. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत.

मला आज ज्या कलाकृतीविषयी लिहायचंय ती त्या देवळात ठेवलेली नाही. ती दर वेळी नव्यानं मांडली जाते आणि तासा-दोन तासांत संपते. मलिद्याचं ताट. मी ते पहिल्यांदा जवळून पाहिलं एका ओळखीच्या घरी, मुलीच्या मेंदीच्या दिवशी. पांढरी चादर अंथरलेली, तिच्यावर परात, आणि स्वयंपाकघरात घरच्या आजी पोहे धुताना सुनेला सांगत होत्या, “निथळू दे गं. भिजायला हवेत, गळायला नकोत.” त्या एका वाक्यात अर्धा मलिदा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी नाव घ्या. मलिदा हा फारसीतून आलेला शब्द, चोळलेलं, मळलेलं असा त्याचा अर्थ. वर्तमानपत्रांनी तो लाटण्याशी जोडून पार विटाळला, पण दर्ग्यात वाटला जाणारा चपातीचा चुरमा आपल्याला त्याच नावानं ठाऊक आहे. त्यात गूळ असतो आणि तूप असतं. बेने इस्रायलांच्या मलिद्यात चपातीच्या जागी पोहे आले आणि तुपाच्या जागी ओला नारळ. भातखाचरांच्या मुलखात पोहे येणारच, आणि पेणचे पोहे तर नावाजलेले. पण तूप का गेलं? समारंभानंतर पंगतीत बहुधा मटण असतं, आणि तोरा हा धर्मग्रंथ वाचणाऱ्यांच्या घरी दूध आणि मांस एका जेवणात येत नाही. म्हणून ज्याला स्निग्धपणा द्यायचा त्याला नारळानं द्यायचा. नव्या वर्षाच्या सणाला गव्हाचा चीक काढून केला जाणारा हलवाही असाच नारळाच्या दुधात शिजतो. शेजाऱ्याकडून पदार्थाचं नाव घेतलं आणि आतलं एकच द्रव्य बदलून तो आपल्या शास्त्रात बसवला. खाणाऱ्याला हा बदल नुसता चवीचा वाटावा, इतका तो हलक्या हातानं झालाय.

आता त्या पोह्यांच्या मागे काय उभं आहे ते पाहू. लेवीय या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात प्राण्याविना करायच्या अर्पणाचा विधी आहे. मराठी बायबलात त्याला अन्नार्पण म्हणतात, हिब्रूत मिन्हा. सपीठ, त्यात तेल, वर ऊद. त्यातली मूठभर वेदीवर जाळायची, बाकीचं याजकांचं. बेने इस्रायलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहीमकर यांना मलिदा आणि उदाचा धूर यांत याच जुन्या अर्पणाची खूण दिसली. हे अर्पण करताना खमीर नको आणि मधही नको, अशी अट आहे, कारण गोड वस्तू वेदीच्या अग्नीत चालत नाही. मलिदा मात्र गोड असतो. ही चूक नाही, अचूकपणा आहे, असं मी समजतो. मलिद्याला अग्नी नाहीच. चूल नाही, होम नाही, ताटातलं काही जळत नाही. जिथे आग गेली तिथे गोडाची बंदीही गेली, आणि पोह्यात साखर, वेलची, बेदाणे निर्धास्त येऊन बसले.

आग का गेली, याचं उत्तर दूर यरुशलेमात आहे. बली द्यायचा तो एकाच ठिकाणी, हा ज्यूंचा नियम. ते ठिकाण म्हणजे यरुशलेमचं मंदिर. इसवी सन ७० मधे रोमनांनी ते पाडलं आणि त्या दिवसापासून बली थांबला, त्याच्या जागी प्रार्थना आली. मंदिरनाशाच्या दुःखाचा जो उपवास जगभरचे ज्यू पाळतात, त्याला आपल्या बेने इस्रायलांनी नाव दिलं बिरड्याचा रोजा. उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यानं. भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं ज्याच्या घरात होतं त्या रायगडच्या माणसाला या नावातला जिव्हाळा वेगळा सांगायला नको.

पण ‘एकाच ठिकाणी’ या शब्दावर एक जुनं भांडण आहे, आणि ते कळल्याशिवाय मलिद्याची खरी लज्जत कळत नाही. नाब्लुसजवळ गरिज्जीम नावाचा डोंगर आहे. तिथले शोमरोनी लोक स्वतःला इस्राएलचेच वंशज मानतात, मोशेची पाच पुस्तकं मानतात आणि त्यापुढचं काहीच मानत नाहीत. आज ते हजारही नाहीत. काही त्या डोंगरावर राहतात, काही तेल अवीवजवळच्या होलोनला. त्यांच्या मते देवानं निवडलेली जागा गरिज्जीम, यरुशलेम नव्हे. वाद कशावर आहे तर एका अक्षरावर. अनुवाद या ग्रंथात देवाच्या जागेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ज्यूंच्या प्रतीत देव ती जागा ‘निवडील’ असं भविष्यकाळी क्रियापद आहे, शोमरोनी प्रतीत ‘निवडली’ असं भूतकाळी. हिब्रूत या दोन रूपांमधला फरक म्हणजे सुरुवातीचा एक योद, चौकोनी लिपीतलं सर्वांत लहान अक्षर, स्वल्पविरामाएवढं. तो असला की जागा अजून यायचीय आणि दाविदाच्या नगराला, यरुशलेमला, वाव मिळतो. तो नसला की जागा मोशेच्या काळातच ठरलेली, आणि ती गरिज्जीम. एवढ्याशा टिंबावर दोन मंदिरं उभी राहिली. गरिज्जीमवरचं मंदिर तर यहूदी शासक योहान हिर्कानसनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं. मजकूर वाचताना मात्रा सोडू नये असं शाळेत सांगत, तेव्हा मला असं काही ठाऊक नव्हतं.

मंदिर गेलं तरी शोमरोन्यांनी बली सोडला नाही. आजही वल्हांडणाच्या संध्याकाळी ते गरिज्जीमवर मेंढरं कापतात, जमिनीत खणलेल्या भट्ट्यांत सबंध भाजतात, मध्यरात्री बेखमीर भाकरी आणि कडू भाजीबरोबर घाईनं खातात, आणि उरलेलं सकाळच्या आत जाळून टाकतात, कारण ग्रंथात तसं सांगितलंय. त्यांनी जागा धरून ठेवली. कोकणात आलेल्यांकडे धरायला जागाच नव्हती. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ बुडाले. वाचलेल्यांनी घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले आणि शनवार तेली म्हणवले गेले. गावांवरून आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाकरूळकर. त्यांना ना मंदिर होतं, ना वेदी. त्यांनी अर्पण परातीत मांडलं, आणि परात कुठल्याही पडवीत ठेवता येते.

या परातीचा नायक आहे एलियाहू हन्नाबी, आपल्या मराठी बायबलातला एलीया. इथे मांडणाऱ्याची निवड पाहावी. जगभरचे ज्यू या संदेष्ट्याला शब्बाथ संपताना आळवतात, पण विधीच्या मधोमध त्याला बसवलं बेने इस्रायलांनी. नवस फेडताना, सुंता, लग्न, नवं घर, लांबचा प्रवास, सगळ्याला त्याचं गीत. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात आणि शबात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या दिवशी तिथे जातात. शोमरोनी या संदेष्ट्याला मानत नाहीत. आणि गंमत अशी की ठिकाणाचा नियम मोडून बली देणारा हाच. कर्मेल डोंगरावर, यरुशलेमपासून दूर, बारा दगडांची वेदी रचून त्यानं होम केला, आणि त्याची प्रार्थना आली ती नेमकी मिन्हाच्या, अन्नार्पणाच्या वेळेला. त्याच्या आधीच्या गोष्टीत सारफथची विधवा आहे, जिच्या घरी त्याच्या शब्दानं पिठाचं मडकं आणि तेलाची कुपी दुष्काळभर सरली नाही. पीठ आणि तेल, अन्नार्पणाचे तेच दोन जिन्नस. तेलाच्या घाण्यावर पोट असलेल्या माणसांनी या संदेष्ट्याला आपला मानलं, यात मला कुणाची तरी फार जाणती नजर दिसते.

पोह्यांभोवती फळं लावतात, विषम संख्येनं, पाच किंवा सात. सफरचंद, खजूर, संत्रं, केळं. दिसायला ही सजावट, पण प्रत्येक फळ उचलताना आशीर्वाद वेगळा. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. आणि केळं झाडात मोडत नाही, ते जमिनीच्या आशीर्वादात येतं, कारण ज्यू शास्त्रानं झाड त्यालाच म्हटलं ज्याचं खोड राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळतं. घड उतरला की केळ तोडतात हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. परसात केळीची बाग असलेल्यांच्या ताटात हा भेद नुसता पोथीतला राहत नाही. एकाच परातीत खजूर आणि केळं शेजारी असतात आणि हात एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडातले शब्द बदलतात. त्या मेंदीच्या संध्याकाळी एका लहान मुलानं केळ्यावर झाडाचा आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली, आणि आजींनी मान न वळवता नुसतं “जमीन” म्हटलं.

सुगंधासाठीही एक आशीर्वाद असतो. गुलाब किंवा वासाच्या पानांची डहाळी हातोहात फिरते. ती खायची नसते, कुणाची भूक तिनं भागत नाही. वेदीवरच्या उदाचंही तेच होतं, त्यातला याजकांच्या वाट्याला कणही येत नसे, सगळा वर जायचा. ताटात एवढी एक गोष्ट पूर्णपणे देवाची ठेवलीय, आणि ती सर्वांत हलकी आहे.

मग वाटप. मूठमूठ पोहे, एकेक फोड. शेजारपाजारचे हिंदू, मुसलमान ते प्रसाद म्हणूनच घेतात आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नाही. आजींनी जाताना मला कागदात आणखी पुडी बांधून दिली, घरच्यांसाठी. मी म्हटलं, “आजी, उद्या सकाळी खातो.” त्या म्हणाल्या, “सकाळपर्यंत नको ठेवूस, बाळा. ओला नारळ आहे, आंबेल. आजच वाटून टाक.”