पेटी काढली म्हणून आवाज खरा होतो का?

घरी गाणं ऐकणाऱ्या मंडळींत सध्या एक विधान फार ठामपणे केलं जातं. पेटीतला स्पीकर आवाजात स्वतःचा रंग मिसळतो. ओपन बॅफलला पेटीच नाही, म्हणून त्याचा आवाज खरा. आज मला ह्या 'म्हणून'ची तपासणी करायची आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. म्हणजे पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट. दोघांची गाठ पडली की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. पेटीवाला मागचा आवाज कोंडतो. ओपन बॅफलवाला नुसत्या फळीवर स्पीकर बसवतो आणि पाठ मोकळी ठेवतो. यात नवं काही नाही. व्हॉल्व्हचे जुने रेडिओ आठवा. पाठीला भोकांचा पुठ्ठा, म्हणजे जवळजवळ उघडंच की!

मग लहान पेटी आली कुठून? पूर्वी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागे. 1954 साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-1 आणला. हवाबंद पेटीतल्या हवेलाच त्यांनी स्प्रिंगसारखं वापरलं, आणि खर्ज फडताळात मावला. मध्यमवर्गीय घरात ही सोय लहान नव्हे.

आता ओपन बॅफलच्या बाजूने बोलू, कारण बाजू खरी आहे. पेटीच्या भिंती थरथरतात, आत कोंडलेला आवाज पातळ पडद्यातून पुन्हा बाहेर येतो. फळीला हे दुखणं नाही. शिवाय फळीच्या दोन्ही कडांना आवाज जवळजवळ शून्य असतो. समोर तेवढाच मोठा ऐकू येत असताना खोलीत एकूण ऊर्जा जाते ती सर्व दिशांना आवाज फेकणाऱ्या स्पीकरच्या एक तृतीयांश. त्यामुळे खोली कमी घुमते. डग्ग्याचा घुमारा सुटा, स्वच्छ ऐकू येतो.

पण निष्कर्ष? गवयाचा षड्ज काळी एक धरा, सुमारे 139 हर्ट्झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, 69. ह्या लहरीची लांबी जवळपास पाच मीटर. अर्ध्या मीटरची फळी तिला काय अडवणार? मागचा आवाज वळसा घालून पुढे येतो आणि खर्ज पुसतो. मग बारा-पंधरा इंची वूफर लावा, खालचे सूर वेगळे उचलून द्या. सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी हे फार विचारपूर्वक केलं. पण मग 'आम्ही काही मिसळत नाही' हे म्हणणं उरत नाही.

लहान पेटीनेही मिशीला ताव देऊ नये. पाच इंची पडदा 69 हर्ट्झला थकतोच. तरी आपल्याला खर्ज 'ऐकू' येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. थोडक्यात, आपण ऐकतो त्यातलं काही कानानेच रचलेलं असतं.

आणि खोलीचं काय? इथे गोंदेश्वराच्या दगडी मंडपात एक टाळी वाजवा, मग बाहेर प्रांगणात तीच वाजवा. हात तेच, टाळी वेगळी. फळीच्या मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. म्हणून ती भिंतीपासून किमान मीटरभर पुढे हवी. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पलंग आहे, कपाट आहे, तिथे हा मीटर कुठून आणायचा? फळी भिंतीला टेकवली की खोलीच तिची पेटी होते, आणि तीही न मोजलेली. उलट बीबीसीचा एलएस3/5ए हा लहान डबा प्रक्षेपणाच्या गाडीतल्या अरुंद जागेसाठीच घडवला होता. त्याने आपली जागा ओळखली होती.

नैयायिक याला हेत्वाभास म्हणतील. रंग येण्याचं एक कारण काढलं, म्हणून रंगच गेला असं ठरत नाही. फळीची कड, भिंत, खोली ही कारणं शिल्लक आहेत. आणि 'खरा' म्हणजे कोणता? 1953 पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात मागे बसलेला श्रोताही गाणं स्पीकरमधूनच ऐकतो. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आधीच येऊन गेलेला असतो.

माझा निवाडा असा. मोठी खोली, मागे मोकळी जागा आणि मध्यम आवाजात ख्याल ऐकायची सवय असेल, तर ओपन बॅफल जरूर घ्या. गळ्याचा मोकळेपणा त्यात अधिक मिळेल. लहान खोलीत चांगली लहान पेटी हाच शहाणपणा, त्यात कमीपणा नाही. निवृत्तीचे पैसे त्यात घालण्याआधी मात्र एक करा. विलंबित ख्यालाची सुरुवात लावा, जिथे नुसता तंबोरा आहे. आहे तो स्पीकर वीतभर पुढे घ्या, मागे घ्या, आणि ऐका. पुष्कळदा बदल तिथेच सापडतो, फुकटात. आणि सापडला, की उठून पुन्हा स्पीकरकडे बघू नका. ख्याल पुरा ऐका.