डब्यातली राष्ट्रीय हवा

क्रोएशिया म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना लाल-पांढऱ्या चौकड्यांची जर्सी आठवते. २०१८ची वर्ल्ड कप फायनल, लुका मॉड्रिच, जेमतेम चाळीस लाख वस्तीचा देश. पण त्या चौकड्या म्हणजे नुसतं डिझाइन नाही. 'शाहोव्हनित्सा' हे त्या पटाचं नाव, आणि ते कित्येक शतकं जुनं राजचिन्ह आहे. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या आधाराने सत्तेवर आलेल्या उस्ताशा राजवटीनेही तेच वापरलं, आणि त्याच राजवटीने यासेनोवात्सच्या छळछावणीत सर्ब, ज्यू, रोमा माणसं मारली. म्हणून १९९०मध्ये हा पट पुन्हा झेंड्यावर आला, तेव्हा एकाला त्यात शतकांचं स्वप्न दिसलं आणि त्याच्याच शेजाऱ्याला आजोबांचा खून. पहिला चौकोन लाल असावा की पांढरा, यावरून तिथे अजूनही वाद होतात!

दुब्राव्का उग्रेशिच हिचं 'द कल्चर ऑफ लाइज' हे पुस्तक याच काळातलं. १९९६मध्ये ते झाग्रेबमध्ये निघालं, दोन वर्षांनी सेलिया हॉक्सवर्थ यांनी ते इंग्रजीत आणलं. बाई तोवर देशाबाहेर होती. १९८८मध्ये बेलग्रेडचा मानाचा 'निन' पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. तीनच वर्षांत झाग्रेब आणि बेलग्रेड एकमेकांचे शत्रू झाले.

या पुस्तकातला माझा आवडता निबंध एका टिनच्या डब्याबद्दल आहे. युद्धाच्या दिवसांत झाग्रेबमध्ये 'शुद्ध क्रोएशियन हवा' असं लिहिलेले रिकामे डबे विकायला होते. गंमत म्हणून घ्यायची वस्तू. उग्रेशिच मात्र 'शुद्ध' या शब्दापाशी थांबते. हवा शुद्ध, मग भाषा शुद्ध, मग वाचनालय शुद्ध, मग माणसं. एका फालतू सुवेनिअरमधून ती अख्ख्या राजकारणाची नाडी पकडते. राष्ट्र भाषणांतून घडतं असं आपल्याला वाटतं. ही बाई दाखवते की ते दुकानाच्या काउंटरवर घडतं.

भाषेचंच बघा. १९९१मध्ये सर्बियन आणि क्रोएशियन शब्दांतला फरक दाखवणारा एक जाडजूड कोश निघाला. विमानतळाला 'एरोड्रोम' म्हणायचं नाही, 'झ्राच्ना लुका' म्हणायचं. पासपोर्ट 'पासोश' नाही, 'पुतोव्हनित्सा'. आता, नवे शब्द घडवणं किंवा जुने उकरून काढणं यात मुळात वाईट काही नाही. 'महापौर' आणि 'दिनांक' आपणही सुखाने वापरतो. प्रश्न भीतीचा आहे. चुकीचा शब्द तोंडून गेला तर समोरचा आपल्याला कुठल्या बाजूचा समजेल, हा विचार करत पाव विकत घ्यावा लागत असेल, तर तो भाषाविकास नव्हे. वाचनालयांतून सिरिलिक लिपीतली आणि सर्ब लेखकांची पुस्तकं रद्दीत गेली तीही याच वर्षांत.

इथवर मी तिच्या बाजूने आहे. पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना खटकत जातं ते असं, की उग्रेशिचला राष्ट्रवादाचा किच इतका नेमका दिसतो की त्यामागची जखम अंधुक होते. व्हुकोवार ८७ दिवस वेढ्यात होतं, १८ नोव्हेंबर १९९१ला ते पडलं. डिसेंबरमध्ये दुब्रोव्हनिकच्या जुन्या शहरावर तोफगोळे पडले. तळघरात बसलेल्या माणसाला झेंडा हवासा वाटला तर तो फक्त बाजारू माल नसतो.

आणि ज्या युगोस्लाव्हियाच्या आठवणी जप्त झाल्या म्हणून ती हळहळते, त्या युगोस्लाव्हियानेही जप्ती केलीच होती. १९७१मध्ये क्रोएशियन शुद्धलेखनाचं एक पुस्तक छापलं आणि ते नष्ट करण्यात आलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ते पुन्हा छापलं गेलं, म्हणून त्याला 'लोंडोनात्स' म्हणतात. शुद्धलेखनाचं पुस्तक परदेशातून आणावं लागतं, तेव्हा नंतरच्या शब्दवेडाला काही कारण असतं. माझ्या मते या कारणाला 'कल्चर ऑफ लाइज'मध्ये हवी तेवढी जागा मिळत नाही.

तिच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे निबंध निवांत अभ्यासिकेतले नाहीत. डिसेंबर १९९२मध्ये 'ग्लोबस' साप्ताहिकाने तिच्यासह पाच लेखिका-पत्रकारांवर लेख छापला. या स्त्रीवादी बायका क्रोएशियावर बलात्कार करताहेत, असं शीर्षकच होतं. सोबत त्यांचं वय, राष्ट्रीयत्व, लग्न झालंय की नाही, याचा तक्ता! पुढे त्यांना 'रिओच्या चेटकिणी' हे नाव चिकटलं. १९९३मध्ये उग्रेशिचने देश सोडला, आणि २०२३मध्ये ती अॅमस्टरडॅममध्ये वारली. जिच्यावर दगड येताहेत तिने दगड मारणाऱ्याचं दुःखही तोलून मांडावं, ही अपेक्षा आपण मोबाइलवर आरामात वाचत करतो.

तिची बाजू आकडेही घेतात. १९८१च्या जनगणनेत क्रोएशियातल्या सुमारे ३ लाख ७९ हजार लोकांनी स्वतःला 'युगोस्लाव्ह' म्हटलं होतं. १९९१मध्ये उरले १ लाख ६ हजार. माणसं तीच, रकाना बदलला. सर्बांचं तसं नाही. १९९१मध्ये ते बारा टक्क्यांहून थोडे अधिक होते, २०२१मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास. यातले कितीतरी जण १९९५च्या ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरवर सामान टाकून निघून गेले. शुद्ध हवेच्या डब्याचा विनोद इथे संपतो.

माझ्या आक्षेपाचं सगळ्यात चांगलं उत्तर तिच्याच कादंबरीत आहे. 'मिनिस्ट्री ऑफ पेन' २००४ची. तान्या नावाची शिक्षिका अॅमस्टरडॅममध्ये, आता अस्तित्वात नसलेल्या देशाचं साहित्य शिकवते. विद्यार्थी बहुतेक निर्वासित. ती त्यांना सांगते, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांची एक काल्पनिक प्लास्टिकची पिशवी घ्या आणि आपापल्या आठवणी तिच्यात टाका. सुरुवातीला मजा येते: खाणं, गाणी, शाळा. मग वर्गातला उरोश आत्महत्या करतो. त्याच्या बापावर हेगमध्ये युद्धगुन्ह्यांचा खटला चालू असतो. शेवटी इगोर नावाचा विद्यार्थी तान्याला तिच्याच घरात खुर्चीला जखडतो आणि जाब विचारतो: आमच्या आठवणी उकरायचा अधिकार तुला कुणी दिला? निबंधांतल्या उग्रेशिचला हा प्रश्न पडत नाही. कादंबरीतली उग्रेशिच तो स्वतःसारख्याच एका बाईला, तिचे हात बांधून, विचारते. तान्याकडे उत्तर नसतं.