महिन्याची बेरीज आणि गायब झालेले दिवस

पावसावर पीएचडी करतोय म्हटलं की लोकांना वाटतं, हा कुठेतरी पर्जन्यमापक घेऊन फिरत असणार. प्रत्यक्षात माझा बराच वेळ फाइल्स जोडण्यात जातो. हवामान विभागाच्या ग्रिडेड पावसाच्या फाइल्स रोजच्या असतात आणि मला हवी असते महिन्याची बेरीज. फाइल्स नेटसीडीएफमध्ये बदलून घेतल्या की पायथनमधलं एक्सअरे एका ओळीत सगळ्या जोडतं आणि दुसऱ्या ओळीत महिना तयार करतं. सोय झकास आहे. तरी माझी तक्रार आहे.

तक्रार अशी की, जुलैच्या ३१ फाइल्स आहेत की २८, हे ते विचारतच नाही. जे मिळालं ते जोडतं आणि वर ‘जुलै’ असं लेबल लावतं.

तीन दिवसांनी काय बिघडतं? समजा, एका जिल्ह्यात पाऊस सरासरीपेक्षा १२ टक्के कमी झाला. हवामान विभागाच्या वर्गवारीत हा ‘सामान्य’च, कारण १९ टक्क्यांपर्यंतची तूट सामान्य धरतात. आता पाऊस महिनाभर सारखा पडला असं मानून तीन दिवस गाळा. तूट होते साधारण २०.५ टक्के, म्हणजे जिल्हा ‘अपुरा पाऊस’ गटात! पाऊस तेवढाच पडला, फक्त फोल्डरमध्ये तीन फाइल्स नव्हत्या. माझ्या स्क्रिप्टनेही हा प्रताप केलाय, आणि एकही एरर न देता.

दुसरा घोळ आणखी वाईट. एखाद्या ठिकाणी महिनाभर नोंदच नसेल, तर डीफॉल्ट बेरीज शून्य येते. ‘माहीत नाही’चा अर्थ झाला ‘पाऊस पडला नाही’. त्यापेक्षा मूळ फाइल्समधला -९९९ हा आकडा परवडला. तो चुकून बेरजेत शिरला तर पाऊस उणे दिसतो आणि आपण खडबडून जागे होतो.

तिसरी गोष्ट तारखेची. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस ही २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांची नोंद आहे. असा पाऊस ३१ जुलैला पडला असता, तर बराचसा ऑगस्टच्या खात्यात गेला असता. यूटीसीप्रमाणे दिवस मोजणाऱ्या उपग्रहाच्या डेटाशी तुलना करताना हे विसरलात की संपलं.

जागतिक हवामान संघटनेची शिफारस कडक आहे: पावसाची मासिक बेरीज सगळे दिवस हातात असतील तरच करा, किंवा सुटलेल्या दिवसांचा पाऊस पुढच्या एकत्रित नोंदीत आलेला असेल तर. मग आपलं टूल डीफॉल्टमध्ये इतकं उदार का?

ऑटोमेशन नको असं मी म्हणत नाही. पण जोडण्याआधी दिवस मोजा, बेरीज करताना ‘मिन_काउंट’ द्या, आणि दिवस कमी असतील तर स्क्रिप्ट थांबू द्या. थांबलेली स्क्रिप्ट अर्धा तास खाते. खोटी तूट थिसिसमध्ये शिरली, तर ती शोधायला कोणी बसणार नाही.