रीजन्सी घरांचें ‘अस्सल’पण

ब्रायटन-होव्ह या समुद्रकांठच्या इंग्रजी शहरांत रीजन्सी काळचीं घरें नवीं करून ‘अस्सल’ म्हणून विक्रीस काढतात. या शब्दास आमची हरकत आहे. तेथील पुष्कळ भिंती गारगोट्या व विटांचे तुकडे चुन्यांत कालवून उभारलेल्या; दर्शनी गिलावा मात्र दगडाचा भास करणारा. त्यावर सिमेंट थापल्यास ओल आंत कोंडून भिंत दुबळी होते. तळघरांतील स्वयंपाकघर मोडल्यास चाकरांचा इतिहास पुसला जातो. उलट ब्रन्झविक चौकांतील १३ क्रमांकाच्या, १८२० नंतरच्या दशकांतील घराचा संग्रहालयासाठीं चालविलेला जीर्णोद्धार पुराव्यास धरून आहे. घर हाहि दस्तऐवजच. पुसट अक्षरें नव्या शाईनें गिरविलेला कागद आम्ही अस्सल मानीत नाहीं. मग घरासच ही सवलत कां?