रिकाम्या चढाईचा हिशेब

दर वर्षी प्रो कबड्डीचा लिलाव आटोपला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच प्रश्न येतो: 'यंदाचा नवा कॉर्नर कसाय?' ग्रुपमध्ये निम्मे नांदेडकडचे, निम्मे लातूरकडचे, सगळे कधीतरी मातीत गुडघे फोडून घेतलेले. पाच मिनिटांत कोणीतरी उत्तर टाकतं. उत्तर म्हणजे एक आकडा आणि एक रील. आकडा पकडीच्या गुणांचा, रील घोटा धरून चढाईपटूला आडवा केल्याची. खाली आगीच्या इमोजी. झालं मूल्यमापन.

मला ही पद्धत पटत नाही. आणि हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. हीच पद्धत वापरून मी स्वतः एकदा एका चांगल्या कॉर्नरचं नुकसान केलंय. ते पुढे सांगतो.

आधी कॉर्नरचं काम काय ते बघू. सात जणांच्या बचावात दोन टोकांना दोघं उभे असतात, डावा कॉर्नर आणि उजवा कॉर्नर. चढाईपटूकडे 30 सेकंद. त्यानं निदान रेषा तरी ओलांडायलाच हवी. समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून तो एक गुण काढू शकतो, आणि हा पाय बहुतेकदा कॉर्नरच्याच पुढ्यात पडतो. तो पाय धरला तर कॉर्नर हिरो. हुकला तर कॉर्नर बाहेर, आणि मदतीला धावून हात लावलेले कव्हरवालेही बाहेर.

पण तिसरी एक शक्यता असते. चढाईपटू त्या टोकाला जातच नाही. मध्येच घुटमळतो, दुसऱ्या बाजूला दोन पावलं टाकतो, वेळ संपत आला की परततो. याला रिकामी चढाई म्हणतात. स्कोअरबोर्डवर शून्य. पण लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'ची, तीत गुण आला नाही तर चढाईपटूच बाद. म्हणजे रिकामी चढाई शून्य नसते. ती समोरच्याच्या डोक्यावरचं कर्ज असते. हे कर्ज कोणामुळे चढलं, ते मात्र कुठल्याच रकान्यात लिहिलं जात नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्येही एक 'कॉर्नर' असतो, कॉर्नरबॅक. पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूला चिकटून राहायचं, हे त्याचं काम. 2007 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जेट्सनं डॅरेल रेव्हिसला 14 व्या क्रमांकावर निवडलं. पुढे पुढे समोरचे संघ त्याच्या बाजूला चेंडू टाकायलाच कचरू लागले. त्या बाजूला लोक 'रेव्हिस आयलंड' म्हणायचे, गेलेला माणूस एकटा पडतो असं बेट. आता पासच आला नाही तर अडवणार काय? म्हणून तिकडचे अभ्यासक नव्या कॉर्नरबॅकनं किती पास अडवले एवढंच बघत नाहीत, त्याच्या दिशेनं मुळात किती पास आले तेही मोजतात. आपल्याकडे हा दुसरा प्रश्न अजून कोणी विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, आकड्यांनी शादलुईला ओळखलंच की. बरोबर आहे. 2021 च्या लिलावात पाटणा पायरेट्सनं मोहम्मदरेझा शादलुई नावाच्या इराणी पोराला 31 लाखांत घेतलं. डावा कॉर्नर, लीगमध्ये कोरा. त्या आठव्या हंगामात त्यानं पकडीचे 89 गुण काढले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. पाटणा अंतिम सामना दिल्लीकडून 37-36 असा एका गुणानं हरली, तरी पोरगा सगळ्यांच्या लक्षात राहिला. 2023 मध्ये पुणेरी पलटणनं त्याच्यासाठी 2.35 कोटी मोजले. 1 मार्च 2024 ला पुण्यानं हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात शादलुईचे पकडीचे गुण होते 99.

आकडा इथे खोटं बोलला नाही. पण शादलुई ज्या जातीचा कॉर्नर आहे, ती जात आकड्यात उठून दिसणारीच आहे. तो जागा सोडून अंगावर जातो, चढाईपटूनं काही करायच्या आत त्याच्यावर झेपावतो. अडचण त्याच्यात नाही, त्याच्यानंतर आपल्या नजरेला लागलेल्या सवयीत आहे. आता प्रत्येक नवा कॉर्नर आपल्याला झेपावतानाच बघायचा असतो. शांत उभा राहून टोक बंद करणारा पोरगा 'दिसत' नाही.

आणि पुण्याच्या त्याच संघात दुसऱ्या टोकाला गौरव खत्री उभा होता, उजवा कॉर्नर. शादलुईपासून लांब राहायचं म्हणून चढाईपटू सरकला की तो खत्रीच्या पुढ्यात जायचा. माझं वाचन असं, की खत्रीच्या काही पकडींत शादलुईच्या धाकाचा वाटा आहे. यानं खत्रीचं कौशल्य कमी होत नाही. पण एका कॉर्नरचा आकडा दुसऱ्याला बाजूला ठेवून वाचता येत नाही, एवढं कळतं.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक निवड चाचणी होती. माझा मावसभाऊ डावा कॉर्नर. मी गुणलेखनाला बसलो होतो. पहिल्या सामन्यातल्या पहिल्याच चढाईला त्यानं तिथल्या सगळ्यात तगड्या पोराचा घोटा असा धरला, की मैदान गप्प झालं. त्यानंतर तीन सामने त्याच्या टोकाला कोणी फिरकलं नाही. सगळे उजव्या कॉर्नरकडे. उजव्या कॉर्नरचे गुण झाले सात, मावसभावाचा एक. निवडणाऱ्यांनी माझा कागद मागून घेतला, वरून खाली बोट फिरवलं, यादी लावली. त्याचं नाव नव्हतं.

मी काहीही खोटं लिहिलं नव्हतं. परतताना अहमदपूरच्या स्टँडवर तो एवढंच म्हणाला, "दादा, माझ्याकडं कुणी आलंच नाही तर मी काय धरू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता तो लातूरला एका मेसचे डबे पोचवतो, नीटची तयारी करणाऱ्या पोरांच्या खोल्यांवर.

आपल्या भागाला मार्कांची सवय आहे. 'लातूर पॅटर्न'चं नाव गुणवत्ता यादीनं झालं, आणि त्यानं कितीतरी घरं वर आली. तिला मी नावं ठेवणार नाही. पण याच भागाला दुसरीही पारख येते. देवणी आणि लाल कंधारी, या दोन्ही जनावरांची नावं आपल्याच गावांवरून पडलीत. बाजारात जाणता माणूस बैलाचे दात बघतो, वय कळतं. मग तो दावं सोडायला लावतो आणि बैल चालवून बघतो. खूर कसा टेकतो, खांदा कसा आहे, गर्दीत बुजतो का. नुसत्या दातांवर बैल घेणाऱ्याला घरी बोलणी बसतात. कॉर्नरच्या बाबतीत आपण दात बघून पैसे मोजतोय.

मग नव्या कॉर्नरला बघायचं कसं? पहिले पाच-सहा सामने निकाल द्यायचा नाही. चेंगराचेंगरीची रील बाजूला ठेवायची आणि चढाईपटूचे पाय बघायचे: पहिल्या सामन्यात तो या टोकाला जितक्या बिनधास्त जायचा, तितका पाचव्यात जातो का? बोनसचा पाय पडायच्या आधीच कॉर्नर उडी टाकतो, की थांबतो? त्यानं घोटा धरल्यावर शेजारचा कव्हर त्याच क्षणी पोचतो का? पोचत नसेल तर दोष एकट्याचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पकड हुकून बाहेर गेला, परत आत आला, तर पुढच्या चढाईला तो जागेवर उभा राहतो की हिशेब चुकता करायला धावतो?

यात एक खोट आहे, ती मान्य करतो. आघाडीवर असलेला संघ वेळ काढायलाही चढाई रिकामी नेतो. म्हणून रिकाम्या चढाया नुसत्या मोजूनही चालणार नाही, नाहीतर आणखी एक आंधळा आकडा तयार होईल. शेवटी सामना पूर्ण बघावा लागतो. 30 सेकंदांच्या रीलमध्ये 30 सेकंदांची चढाई मावते, पण कॉर्नर मावत नाही.

गेल्या वर्षीपासून गावच्या स्पर्धेत मी गुणलेखनाच्या कागदावर एक रकाना वाढवलाय: चढाई रिकामी गेली तर कोणतं टोक टाळून गेली. आयोजक हसतात. पहिल्या दिवशी तो रकाना भरायला मी मावसभावालाच शेजारी बसवलं. चढाईपटू मधल्या रेषेवर यायच्या आतच तो म्हणायचा, "ह्यो डावीकडं जायचा नाही बघ." बहुतेक वेळा तो गेला नाही.