बुरखा आणि सोंग

जपानी नसलेला निन्जा ही लोकप्रिय कथेतील विसंगती नव्हे; ती त्या वेशाचीच परिणती होय. काळा वेश इतिहासापेक्षा काबुकी रंगभूमीवरून अधिक आला, असे मानले जाते. तेथे काळ्या कपड्यांतील साहाय्यक प्रेक्षकांनी 'न दिसणारा' समजावयाचा असतो. चेहरा पुसणारे असे आवरण कोणालाही चढवता येते. 'मॉर्टल कॉम्बॅट' (१९९२) या व्हिडिओ गेममध्ये तर एकाच आकृतीच्या वेशाचा रंग बदलून निरनिराळे निन्जे केले गेले. मात्र ही उदारता एकतर्फी आहे. 'एंटर द निन्जा' (१९८१) या चित्रपटात विद्येचा वारसा पाश्चात्त्य नायकाकडे जातो, आणि शो कोसुगी या जपानी नटाच्या वाट्याला खलपात्र येते.

जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवटा याच्या नेमका उलट आहे. तो चेहरा पुसत नाही, देतो. मुखवट्याखाली कोण नाचतो हे गावाला ठाऊक असते, आणि तरीही संबळाच्या तालावर तो रावणच असतो. 'सोंग' या शब्दाला नागर मराठीत ढोंगाची छटा आहे (आपली समीक्षाही 'मुखवटा' ही संज्ञा बहुधा त्याच अर्थाने वापरते); येथे ते मानाचे असते, आणि विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे चालत येते. दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या जव्हारच्या मुखवट्यामागे मात्र ते घराणे नसते.