वय दोषी की गरिबी? एक पेपर नीट वाचूया

"पीएच.डी.च्या मुलाखतीसाठी काय वाचू?" असा मेसेज आठवड्यातून दोनदा तरी येतो. माझं उत्तर एकच असतं. दहा पेपर चाळू नका, एक पेपर भांडत वाचा. आज आपण तेच करूया.

पेपर आहे फुओंग गुयेन आणि सहकाऱ्यांचा, 2019 मध्ये 'द लॅन्सेट चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट हेल्थ'मध्ये आलेला. विषय आहे किशोरवयीन मातृत्व आणि मुलांचं कुपोषण. डेटा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीचा (2015-16). साठ हजारांहून जास्त पहिलटकरणींपैकी सुमारे 25 टक्के जणी 19 किंवा त्याहून कमी वयात आई झाल्या होत्या. त्यांच्या मुलांमध्ये खुरटलेल्यांचं प्रमाण प्रौढ आयांच्या मुलांपेक्षा सुमारे 10 टक्के-अंकांनी जास्त निघालं.

पेपरची ताकद पुढे आहे. 'कमी वय म्हणून कुपोषित मूल' असं म्हणून लेखक थांबत नाहीत. आईचं स्वतःचं पोषण, शिक्षण, आरोग्यसेवा, घरची स्थिती, बाळाचा वरचा आहार अशा मधल्या वाटा ते पाथ अ‍ॅनालिसिसने वेगळ्या करून दाखवतात.

आता एक कोडं. याच सर्वेक्षणाच्या अहवालात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.9 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. मग 25 कुठून आले? दोन्ही आकडे बरोबर आहेत, छेद वेगळा आहे. 25 टक्के हे आई झालेल्यांमधले. 7.9 टक्के हे सगळ्या मुलींमधले, आणि त्यात आज पंधराची असलेली मुलगीही येते, जिची विशी यायला अजून काही वर्षं आहेत. पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा 7.6, देशाचा 6.8. त्यावरून 'शंभरातल्या सातच मुली विशीआधी आई होतात' असं लिहिलंत, तर परीक्षक तिथेच पकडतील.

आता माझे आक्षेप.

पहिला: डेटा एकाच वेळचा आहे. आईचं वजन आणि हिमोग्लोबिन मोजलं ते सर्वेक्षणाच्या दिवशी, गरोदरपणात नाही. बाण कुठून कुठे जातो हे डेटा सांगत नाही, संशोधक ठरवतो. शाळा सुटली म्हणून लग्न लावलं, की लग्न ठरलं म्हणून शाळा सुटली? मॉडेलमध्ये मातृत्वाकडून शिक्षणाकडे बाण काढला की दुसरी शक्यता गायब होते.

दुसरा: उंची जिवंत मुलांचीच मोजता येते. जी मुलं गेली, ती या गणितात नाहीत. म्हणजे खरं नुकसान दिसतं त्याहून मोठं असू शकतं.

तिसरा आमच्या गावाजवळचा. मी नायगावची. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात, पावसाच्या तोंडावर परततात. मुलगी भट्टीवर आली की शाळा तुटते, गावच्या अंगणवाडीशी संबंध सुटतो. वयात आलेल्या मुलीला गावी कुणाकडे ठेवायचं, या काळजीतून लग्नही लवकर उरकतं. इथे स्थलांतर हे लवकर मातृत्व आणि कुपोषण, दोन्हींच्या आधी उभं आहे. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. घरची संपत्ती मोजणाऱ्या निर्देशांकात ते पुरतं मावत नाही.

मग वयाचा काहीच दोष नाही? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 29 देशांतल्या अभ्यासात (2014) 20 ते 24 वयाच्या आयांच्या तुलनेत किशोरवयीन आयांमध्ये गरोदरपणातले झटके, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग, अकाली प्रसूती आणि कमी वजनाची बाळं जास्त आढळली. पण तो अभ्यास रुग्णालयांमधला. घरी बाळंत झालेली मुलगी त्यात नाहीच.

आणि वय नोंदवणार कोण? पॉक्सो (2012) नुसार अठराखालच्या मुलीच्या गरोदरपणाची खबर पोलिसांना देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये गर्भपाताच्या संदर्भात मुलीची ओळख उघड न करण्याची मुभा दिली, पण भीती गेलेली नाही. नवरा तुरुंगात जाईल या धास्तीने सतराची मुलगी 'एकोणीस' सांगते. मग ती कुठल्या गटात मोजली जाते, ते तुम्हीच बघा.

हे नुसतं पद्धतीचं भांडण नाही. वयालाच कारण धरलं तर उपाय लग्न थांबवण्यापुरता राहतो. स्थलांतर कारण धरलं तर भट्टीवर शाळा, आहार आणि तपासणी पोचवावी लागते. बाण चुकला तर पैसा चुकीच्या जागी जातो, आणि भोगते ती मुलगी.

गृहपाठ: पेपरमधली आकृती वहीत काढा. प्रत्येक बाण उलटा करून बघा. जो उलटाही पटतो, तिथे तुमचा संशोधनप्रश्न आहे.